फेरफार

ग्रिम्सबीत नोव्हेंबरमध्ये चारलाच दिवे लागतात.
गोदीकडून मासळीचा वास, हीटरची कुरकुर,
आणि स्क्रीनवर, जिथे नाव असायला हवं तिथे
नुसता आकडा:
१००७.

डेरेक थर्लबी.
रेल्वेपलीकडे भाड्याने मिळणारे भाजीचे वाफे आहेत, एकसष्ट.
कुणाचा कुठला, पाण्याची पाळी कुणाची,
औंदाचा भोपळा किती किलोचा,
ही सगळी वेबसाइट त्याने अठरा वर्षं एकट्याने सांभाळली
आणि मार्चमध्ये, कांदे लावायच्या आठवड्यात, गेला.
खातं मीच काढलं. नियम आहे तसा.
फायली जागच्या हलल्या नाहीत.
नाव पुसलं की खालचा नंबर उघडा पडतो,
पाटी काढल्यावर भिंतीतला खिळा दिसावा
तसा.

माझे वडील तलाठी होते, कळवण तालुक्यात.
त्यांच्या सातबाऱ्यांवर मेलेली माणसं
पंधरा-पंधरा वर्षं जमीन कसत असत.
अण्णा पेन झटकून म्हणायचे,
वारसनोंद लागेपर्यंत माणूस पुरता मरत नाही,
निदान आमच्या दप्तरात तरी.
मी हसायचे.
आता तेच दप्तर माझ्या मांडीवर, गरम होऊन, पंखा फिरवत बसलंय.

मालक, गट, इतर.
वाचणं, लिहिणं, चालवणं.
इथले आकडे सातापर्यंतच जातात, बारा नाहीच.
आणि फोल्डरवरचं 'चालवणं' म्हणजे नुसती वहिवाट:
बांधावरून खुशाल जा,
आत काय पिकलंय त्याची यादी मागू नकोस.
हे मला कोर्समध्ये कळलं नव्हतं.
दोन सख्खे भाऊ बैलगाडीच्या वाटेसाठी
आमच्या ओटीवर भांडले होते, तेव्हाच कळलं होतं.

खजिनदार लेनचा फोन:
फोटो चढत नाहीत गं. सगळ्यांना सगळं देऊन टाक की,
सात-सात-सात, माझा पुतण्या तसंच करतो.
लेनच्या स्वतःच्या अवजारांच्या शेडला
तीन कुलपं आहेत.
मी म्हटलं, बघते.

मग रूट झाले, आणि एकेक फोल्डर
वाफेकऱ्यांच्या गटाच्या नावे चढवत गेले.
सर्व्हरला जेवढं लागतं तेवढंच दिलं, फोटोंपुरतं लिहिणं.
वर ती एक बारीकशी खूण:
इथून पुढे इथे जे जन्मेल
ते कुणाच्याही हातून जन्मो, गटाचंच असेल.
फोटो चढले.
लेनने अंगठा पाठवला.

'जुने' नावाचं एक फोल्डर मात्र
तसंच ठेवलं, १००७च्या नावावर.
का, विचाराल तर उत्तर नाही.
आत बियांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो होते,
आणि एक यादी: कुंपण दुरुस्त करता येणारी माणसं.
पाच नावं. त्यातली तीन मी ओळखत नाही.

सोमवारी आगाता आली, वाफा चव्वेचाळीस,
बीट लावते, कॉम्प्युटरचं काम करीन म्हणाली.
तिचं खातं उघडलं.
यंत्राने पुढचा मोकळा नंबर उचलला, ते तसंच करतं,
त्याला सुतक नसतं.

संध्याकाळी तिचा निरोप:
हे 'जुने' माझ्या नावावर कसं?
मी तर आजच आले.
ते दोन हजार अकराचे भोपळेही माझेच का?

नजरचूक आहे, दुरुस्त करते,
एवढं लिहिलं. खोडलं.
अण्णा असते तर लाल शाई काढली असती,
आणि झाकण लावून परत ठेवलीही असती.
मी लिहिलं:
हो, तुझेच.
कुणाला हरकत असेल तर पंधरा दिवसांची मुदत आहे.

आज सोळावा दिवस.
हरकत आलेली नाही.
कुंपणाच्या यादीत आता सहा नावं आहेत.