नोंदवही, गालजीबाग

लाल बॅटरी इनासच्या हातात, वही माझ्या.
लांबी सदुसष्ट सेंटिमीटर. रंग?
हिरवट राखाडी, मी लिहितो.
इनास म्हणतो, नाही रे,
चर्चमागच्या शेवाळल्या कौलाचा.
आकार विड्याच्या पानाचा,
टोक शेपटीकडे.

ती आमच्याकडे बघत नाही.
मागच्या वल्ह्यांनी खड्डा उकरते,
सुपात कुणी तांदूळ घोळवावे
तसा वाळूचा आवाज.

आहार: खेकडे, शंख, कोळंबी,
आणि जेलीफिश,
जिनं परवा रापण ओढताना
इनासची पोटरी भाजली.
हे वाचून दाखवल्यावर तो खूश.
"खा गो बाये, पोटभर."

निवास.
इथं पेन अडतं.
वर्षातून एखादा तास ती इथली,
बाकी सगळं पाणी.
"गालजीबागच घाल," इनास म्हणतो.
"माझा पूत नऊ महिने जहाजावर,
रेशन कार्डावर अजून इथलाच."

अंडी एकशे चार.
वाळू थोपटून, अंगाचं वजन टाकून टाकून
ती उतरते, आणि एका लाटेत
नसते.

इनास घरट्याभोवती जाळी ठोकतो.
मग सुरूला टेकून मोबाइल काढतो.
दुपारच्या निरोपापुढं
अजून एकच टिक.