उडतं तेल

इतवाऱ्यातून आणलेल्या पाच बाटल्या
मी ओळीनं मांडल्या खिडकीच्या कट्ट्यावर.
आबा म्हणाले, "उनात का मांडायलीस?
निळ्या काचेला भुलू नको.
नांदेडचा मे काचेचं ऐकत नसतो."

मग चष्मा न लावताच
एकेक बाटली कानाशी धरून हलवली,
जणू आत कुणी राहतंय.
एकीचं रबरी टोपण दाबून बघितलं. फुगलेलं, चिकट.
"टोपणच खायलंय हे तेल. बूच बदल."

आबांना वास येत नाही.
तीन वर्षांपूर्वीच्या तापात नाक गेलं,
आणि सहा महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही.
ताटावर बसले की म्हणायचे, "काय वास सुटलाय!"
किनवटच्या जंगलात तेवीस हंगाम
तिखाडीच्या भट्टीवर
ज्यांनी वाफ हुंगून जाळ पुढं-मागं सारला,
ते.

"तेलाच्या जाती दोन. बसतं आन् उडतं.
करडईचं बसतं. कागदावर टाक, जल्माचा डाग.
उडतं म्हंजे पाव्हणं.
आलं, गेलं, सतरंजीला वळी नाही."

मी वीजबिलाच्या पाठीवर पाच थेंब टाकले.
संध्याकाळपर्यंत तीन गेले.
दोन तिथंच,
भज्याच्या कागदासारखे पारदर्शक.

"गुलाब कितीला दिला?"
"दोनशे."
"आन् लिंबू?"
"दोनशेच."
"मग दुकानदार संत आसंल.
इतवाऱ्यात मला तर अजून गाठ पडला नाही."

आणि जे तीन उडाले?
"ते खरेच आसतील आसं कुठंय. टर्पेंटाइनबी उडतंय.
तिथं कागद हरतो. तिथं नाक लागतं."
थोडा वेळ ते गप्प बसले.
मग हात पुढं केला,
चष्मा मागावा तसा:
"तुझं दे."

पाचवी बाटली रोशाची, म्हणजे तिखाडीचीच,
दुकानात तिचं नाव नीट कुणाला वाचता येत नव्हतं.
कागदाची पट्टी बुडवून नाकाशी धरली.
"कसा येतोय?"
"गुलाबासारखा."
"गुलाबासारखा समदेच म्हणतात. खाली उतर.
खाली गवत हाय का?
वलं? गुरांनी आत्ताच तोंड लावल्यालं?"
मी उतरत गेले.
होतं काहीतरी. ओढ्याकाठचं.
तांब्याच्या देगेचं मात्र मला काही कळलं नाही,
ते त्यांनी स्वतःच सांगितलं, डोळे मिटून,
गाडीभर गवत, आणि पाण्यावर तरंगलेलं
बोटभर पिवळं.

रात्री त्यांनी ट्रंक उघडली.
ज्वारीनं भरलेल्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून
काळ्या फडक्यातली एक कुपी काढली,
होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढी.
शेवटच्या हंगामाचं तेल.
आधी म्हणे पत्र्याचा डबा होता,
मग लिटरची बाटली,
मग खोकल्याच्या औषधाची, तपकिरी.
"तेल कमी झालं की बाटली ल्हान करायची.
रिकामी जागा ठिवली की हवा घर करती,
आन् हवेनं तेल आंबतं."

जंगलातल्या पालानंतर
गोकुंद्याचं दोन खणांचं घर,
त्यानंतर माझ्या फ्लॅटमधली ही खोली.
पश्चिमेची खिडकी मी गेल्या उन्हाळ्यातच
पुठ्ठा लावून बंद केली.
ती उघड, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

दिवा मालवल्यावर पट्टी उशाशी ठेवली.
कितीतरी वेळानं अंधारातून,
"गेला का?"

हुंगलं. गुलाब केव्हाच निघून गेला होता.
"गवत आहे अजून."

"मग झोप," आबा म्हणाले,
"झाकण घट्ट लावलंस का तेवढं बघ."