रुमालाखालचा भाव

सुया लावायला शिकले मी आधी साबणाच्या वडीवर,
मग मोसंब्यावर,
मग स्वतःच्या डाव्या पायावर,
गुडघ्याखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला.
हुल्याळकर सर म्हणायचे,
बोटं तुझी नाहीत, पेशंटची मोजायची.
ज्याच्या त्याच्या अंगाची पट्टी ज्याच्या त्याच्या हातात असते.

विश्रामबागेतल्या त्या वर्गात आम्ही अकरा जण
आणि भिंतीवर एक कागदी माणूस,
अंगभर नंबर, चेहऱ्यावर काहीच नाही.
त्याला कुठे दुखत नव्हतं
म्हणून तो लवकर पाठ झाला.

पायगोंडा आण्णा तसे नव्हते.
मार्केट यार्डात बत्तीस वर्षं हळदीची खरेदी.
कमरेतून निघालेली कळ
उजव्या पायाच्या करंगळीपर्यंत.
एमआरआयची मोठी पिशवी भाच्याच्या हातात.
पालथं झोपवलं, पाठीवरून स्पिरिटचा बोळा फिरवला,
तो पिवळा होऊन आला.
"धा वर्षं झाली सोडून,"
उशीत तोंड घालून म्हणाले,
"ती काय सोडंना."

किती दुखतंय, दहापैकी?
फॉर्मवर तसा रकाना असतो.
आण्णा गप्प.
भाचा दारात, बाहेर बाकावर चार बायका कान देऊन.
मग त्यांनी उशाचा रुमाल ओढला,
माझा हात त्याच्याखाली घेतला,
आधी पाच बोटं दाबली, सोडली,
मग तीन.
"पूर्वी सौद्यात भाव मोठ्यानं बोलत न्हवते, बाई."

तेव्हापासून आमचं असंच.
मंगळवार, शुक्रवार, वीस मिनिटं.
गुडघ्यामागच्या खळीत सुई उतरवायची,
थांबायचं,
दोन बोटांत किंचित फिरवायची.
टोचतंय?
"न्हाई. पोतं ठेवल्यागत झालंय."
तेच हवं असतं. अंग जड झालं की सुई लागली, असं शिकवलंय.
मग रुमाल. सात.
शुक्रवारी सहा.
मग पुन्हा सात, कारण स्कूटर घेऊन कुपवाडला जाऊन आले,
आणि ते कबूल करायला त्यांना रुमाल पुरला नाही.

(बाकावरच्या रेवूबाई रुमाल वगैरे मानत नाहीत.
टाच दहा वेळा टोचली, तसूभर फरक नाही,
हे त्या सगळ्यांदेखत सांगतात,
पैसे मोजून ठेवतात
आणि पुढची वेळ विचारतात.)

एकदा बोलण्याच्या नादात
माझी सुई चुकली.
काढताना दिसलं: खळी सोडून बरीच खाली, कडेला,
जिथं कागदी माणसाच्या अंगावर
नंबर नाही, नुसता कागद आहे.
त्या दिवशी रुमालाखाली चार.
सगळ्यात कमी.

रात्री सरांना फोन केला.
ते जेवत होते.
म्हणाले, होतं असं.
मुद्दाम भलत्या जागी टोचूनही पाहिलंय लोकांनी,
तिथंही पुष्कळांना बरं वाटतं.
खऱ्या जागी थोडं जास्त.
थोडं म्हणजे किती, सर?
पलीकडे ताटाचा आवाज झाला.
फोनवर बोटं दिसत नाहीत.

मंगळवारी मी सांगून टाकलं:
आण्णा, मागच्या खेपेला सुई चुकली होती.
ते बराच वेळ पालथेच.
मग म्हणाले,
"कांडी मोडल्याबिगर आतला रंग कळत न्हाई.
मोडून दावलीस, बरं केलंस.
आता नीट जागंवर लाव."

लावली. त्यांची चार बोटं त्यांच्याच हाताने मोजून घेतली,
दोनदा.
वीस मिनिटं पंख्याचा आवाज,
बाहेर रेवूबाई कुणाला तरी टाचेचं सांगत होत्या.
सुया काढून पिवळ्या डब्यात टाकल्या
आणि रुमालाखाली हात दिला.

पाच.

त्यांनी बोटं लगेच सोडली नाहीत,
सौदा अजून व्हायचा असल्यासारखी धरून ठेवली.

रकान्यात मी पाच लिहिलं.
वरच्या ओळीतला चार
तसाच ठेवला.