राखणीपुरती

सुकी नदीच्या वरच्या अंगाला,
जिथे सातपुडा सुरू होतो आणि केळी काही संपत नाही,
माझा बा भंगाळे अण्णांच्या बागेचा जागल्या होता.
दलशेर तडवी. एक बॅटरी, एक गोफण
आणि काजळी.

अंगभर काळी कुत्री,
डोळ्यांवर दोन पिवळे ठिपके.
अक्कलकुव्याहून शिकून आलेले नवे हाफिजजी
ते ठिपके पाहून वाटेत थबकले.
बा म्हणाला, राखणीची आहे जी,
डुकरं तिलाच भितात, मले नाही.
हाफिजजी हसले. बावीस वर्षांचे होते.
म्हणाले, राखणीपुरती चालते,
शेताला, मेंढरांना, शिकारीला.
घरात नको.
कुत्रं असलं त्या घरात फरिश्ते येत नाहीत.

म्हणून आमच्या उंबरठ्यावर काजळीचं जग संपायचं.
मनुका मांजरी मात्र चुलीपासून कोठीपर्यंत
मालकिणीसारखी हिंडायची,
ऐन नमाजात मायच्या मुसल्यावर अंग टाकायची.
माय सजदा थोडा सरकून करायची.
मला काजळीच्या वतीनं राग यायचा.

बा एक गोष्ट सांगायचा,
तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरलेल्या माणसाची.
पायातला चामडी मोजा पाण्यानं भरून
दातांत धरून तो वर आला,
आणि अल्लानं त्याचे सगळे गुन्हे माफ केले.
बाच्या सांगण्यात ती विहीर दरवेळी
भंगाळे अण्णांचीच असायची
आणि मोटर जळालेली.

ज्या थंडीत केळीची पानं करपली,
त्या थंडीत बाची छाती भरली.
जळगावच्या सिव्हिलमधून म्हणाले, घरी न्या.
काजळी बाग सोडून आली.
उंबरठ्याबाहेर पंजे पसरून बसली,
गुहेत झोपलेल्यांच्या त्या कुत्र्यासारखी.
भाकरी टाकली, खाल्ली नाही.
हाफिजजी यासीन पढायला आले
ते झब्बा आवरून, तिला वळसा घालून.

मी दहा वर्षांची. गणितात बरी.
कुत्रं असलं की फरिश्ते येत नाहीत.
जीव न्यायला येतो
तोही फरिश्ताच.

तिसऱ्या रात्री सगळे पेंगले तेव्हा मी दार उघडलं.
ये, म्हटलं.
ती येईना.
सहा वर्षांची सवय; उंबरठा तिला माझ्याहून पाठ होता.
मानेला धरून ओढली,
नखं जमिनीवर करकरली,
मग एकदाची खाटेखाली अंग चोरून बसली.
मी आतून कडी लावली.
निश्चिंत झोपले.

फजरच्या अजानीआधी बा गेला.
त्याचा हात खाटेवरून खाली लोंबत होता,
बोटं तिच्या कानांत.

दफन झाल्यावर मी हाफिजजींना गाठलं.
ते बराच वेळ टोपी नीट करत राहिले.
म्हणाले, तो हुकूम घेऊन येतो, बेटा,
तो कुणासाठी थांबत नाही.
थांबतात ते रहमतवाले.

म्हणजे मी
फक्त त्यांनाच बाहेर ठेवलं होतं.
हे मी मायला सांगितलं नाही.
अजूनही नाही.

मायनं जमिनीवरचे ओरखडे पाहिले, काळे केस पाहिले.
माझ्याकडे पाहिलं.
घमेल्यात बागेतली माती आणली
आणि धुवायला बसली.
पहिल्यांदा मातीनं, मग पाण्यानं,
तोंडानं मोजत. दोन. तीन.
(सात वेळा धुवायचं ते भांडं;
जमिनीचं तसं कुणी सांगितलेलं नाही,
हे मला खूप पुढे कळलं.)
सहा झाले.

सातवा तांब्या घेऊन ती दाराशी गेली.
काजळी पुन्हा आपल्या जागेवर, बाहेर.
जीभ सुकलेली.
माय उंबरठ्यावर टेकली,
ओंजळीत पाणी घेतलं
आणि ओंजळ तिच्या तोंडाशी धरली.
तांब्या रिकामा होईस्तोवर.

मग उठली,
हातांना माती लावली
आणि मोजायला लागली.
एकपासून.