टॉवेलाखालचे दोन अँप

उद्यमनगरात, दस्तगीरच्या लेथच्या वरच्या खोलीत
लाइट आल्यावर बसलो.
दोन अँप, दोन्हींवर टॉवेल.
कुठला कुठला ते फक्त दस्तगीरला ठाऊक.

मगदूम आण्णा शाहूपुरीतल्या सौद्यात गूळ पारखतात.
डोळे मिटले की त्यांची जीभ हलते.
"पहिला चिक्कट. दाणा न्हाई."
"आणि दुसरा?"
"चुना जास्त पडलाय. रंग देखणा,
घशाला खवखव."

मी वहीत लिहिलं: वरचे स्वर कोरडे.
लगेच खोडलं.
वहीत शब्द फार झालेत, मोकळा, उबदार, खोल,
एकही सोल्डर धरत नाही.

दस्तगीरचे कान ग्राइंडरनं खाल्ले, तीस वर्षांत.
झांज गेली, चिमणी गेली,
बायकोची हाक वरच्या पट्टीतली, तीही.
तो ऐकत नव्हताच.
टॉवेलाखाली हात घालून
साच्यातून निघालेलं ओतीव चाचपावं
तसा हीटसिंक चाचपत होता.
"दुसरा बघा. गाणं न्हाई तरी तापल्याला हाय."

मग तबकडी उचलली.
आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.
पहिल्यातून बारीक वाफ,
काहिलीत पाक उतू येण्याआधी येते तशी.
दुसऱ्यातून काही नाही.
इतकं काही नाही
की खालच्या गल्लीत सायकलची चेन उतरलेली कळली,
आणि आण्णांच्या छातीतली शिट्टी,
जी त्यांनी आजवर आम्हाला सांगितली नव्हती.

आण्णांनी डोळे उघडले.
किंमत विचारतील वाटलं.
"दस्तगीर," म्हणाले,
"हात कुठं ठेवायचा, दाखीव."