सिंकखालचं दार

घर घेताना भिंती ठोकून पाहिल्या, छप्पर पाहिलं,
तळघरात ओल आहे का म्हणून हात लावून पाहिला.
सिंकखालचं दार तेवढं
कुणीच नीट उघडलं नव्हतं.

ते उघडलं मार्चमध्ये.
बाहेर टोलेडोचं मळकं बर्फ, आत सिंकभर मळकं पाणी
आणि डिस्पोजल नुसतं घुमत राहिलेलं,
ठसका लागूनही खोकता न येणाऱ्या माणसासारखं.

दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलेलं.
बारीक अक्षर, तारखांसकट.
विस्निएव्स्की म्हणून गृहस्थ, आधीचे मालक.
जीपच्या कारखान्यात होते, असं शेजारीण म्हणाली होती.

"नोव्हेंबर ९१. नवीन बसवलं.
डिशवॉशरची नळी जिथे जोडायची ते भोक आतून बंद असतं.
आधी ठोकून उघडा. मी उघडलं नाही.
स्वयंपाकघरात तळं."

"दुसऱ्या दिवशी. उघडलं. चकती आत पडली. चिमट्यानं काढली."

"ईस्टर ९४. बटाट्याची सालं, दहा पौंडांची. परत कधी नाही."

"पाणी थंड. थंड!
गरम पाण्यानं चरबी पुढे सरकते आणि पुढेच थिजते.
आयरीन म्हणते, तिला हे आधीपासून माहीत होतं."

"ऑगस्ट ०३. चमचा."
"सप्टेंबर ०३. तोच चमचा."

निरंजन हॉलमध्ये फोनवर:
प्लंबर नुसता यायचेच एकशे ऐंशी डॉलर मागत होता.
मी खालचा प्लग उपसला,
पाठीवर आडवी झाले, दातांत टॉर्च,
आणि दारावर लिहिलं होतं तिथेच, खिळ्याला सुतळीनं,
अ‍ॅलन की लटकत होती.

पोटाखालच्या भोकात घालून फिरवली.
ढिम्म.
उलटी फिरवली. सुलटी. पुन्हा उलटी.
मग काहीतरी कुरकुरत सैल झालं,
आणि चिमट्यानं वरून निघाला
रविवारच्या आमटीतल्या शेवग्याचा चोथा,
हातभर लांब, सुंभासारखा पिळलेला.
प्लग लावला. लाल बटण दाबलं. खट्.
पाणी एक मोठा आवंढा गिळून
खाली गेलं.

खरं म्हणजे तिथेच उठायचं.
पण मी वाचत राहिले.

"डिशवॉशरमध्ये धुऊन ठेवू नका. खरवडून ठेवा.
त्याचं काम त्याला करू द्या."

आम्ही तर विसळून, घासून, पुन्हा विसळून
मग धुवायला ठेवत होतो,
पाहुण्यांसमोर आंघोळ घालून आणलेल्या पोरांसारखी ताटं.
तळाची गोल जाळी फिरवून काढायची असते
हे तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं.
त्यात मोहऱ्या, कढीलिंबाचं एक अख्खं पान,
लोणच्याच्या बरणीचं लेबल,
आणि सगळ्यावर हळदीचा पिवळा साबण.

पानात टाकायचं नाही, बाबांचा एकच नियम.
दहीभाताचं शेवटचं शीत बोटानं निपटायला लावायचे.
मला वाटलं होतं, टाकलेलं खाणारं यंत्र मिळालं,
सुटले त्या नियमातून.
हे यंत्रही तेच सांगत होतं,
जरा जास्त आवाज करून.

सगळ्यात खाली, जिथे दाराला बिजागरी आहे,
अक्षर थोडं हललेलं:
"मे १५. आता एकाचीच भांडी.
तरी आठवड्यातून एकदा रिकामा का होईना लावतो.
नाही लावला तर रबर सुकतं."

यापुढे काही नव्हतं.

निरंजननं विचारलं, झालं का गं?
म्हटलं, पेन्सिल दे.
हात आपसूक मराठीत गेला:
"मार्च. शेवगा. चुकून सुद्धा नाही.
भात मूठभरही नाही, पाइपात फुगतो."
मग आठवलं, पुढच्या माणसाला हे वाचता येणार नाही.
म्हणून शेजारी एक शेंग काढली
आणि तिच्यावर ठसठशीत फुली.

शेंग काही जमली नाही.
चमच्यासारखी दिसते.