लिहिलंय दहा, धरा सहा

बुधवार पेठेतला दुकानदार म्हणाला होता,
"लिहिलंय दहा हजार, धरा सहा.
उरलेलं वाटेत जातं. कुठं जातं ते विचारू नका."
मी विचारलं नाही.
जुन्या ट्यूबची पट्टी कापून
तो काळा ठोकळा हँडलच्या मानेला बांधला,
वरून दुधाची पिशवी, दवासाठी.
वायर वीतभर.

हे सगळं ऋजुतासाठी.
छातीत स्प्रिंग बसवली त्याच्या दुसऱ्या महिन्यात म्हणाली,
"बाबा, चालवा सायकल, पण मला दिसत राहा."
मग मी दिसत राहतो:
टोरांटोत, तिच्या ओट्यावर, कुकरशेजारी,
एक निळा ठिपका
कोंढव्यातून येवलेवाडीकडे सरकतो.
इकडे पहाटेचे पावणेसहा,
तिकडे अजून कालच चालू आहे.

खडकीला पहिल्या पाळीला जायचो
तेव्हा डायनामो होता.
टायरला घासून कुरकुरायचा, पायडल जड करायचा,
आणि थांबलो की दिवा गेला.
वाटेत कुठंही थांबावं,
पुलाच्या कठड्यावर बसून बिडी संपवावी,
अंधारात एक माणूस कमी झाला
हे कुणाच्या गावीही नसायचं.

बोपदेव घाटात, तिसऱ्या वळणावर,
अंजिरांचा टेम्पो. बॉनेट उघडं.
सोपान कामठे, गराड्याचा, कानाला मफलर.
"काका, चार्जिंग आहे का हो?
सातला लिलाव, मार्केट यार्डात. दुसरी गाडी बोलवायचीय."

ठोकळ्याचं एकच भोक चालतं.
माझ्या मोबाइलवर अकरा टक्के होते.
माझा काढला, त्याचा लावला.

त्याचा फोन इतका मेलेला
की बराच वेळ नुसतं रिकाम्या बॅटरीचं चित्र.
ठोकळा सुटेना, गाठ माझीच,
म्हणून आम्ही सायकलच्या दोन बाजूंना
वासरू धरावं तसे उभे.
तो म्हणाला, आंबा थांबतो, पेरू थांबतो,
अंजीर थांबत नाही.
सकाळी फळ, दुपारी चिकटा.
मी मान हलवली.
या विषयात माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

दोन टक्के झाल्यावर त्यानं मेव्हण्याला उठवलं,
आधी शिव्या, मग लाडीगोडी, मग परत शिव्या.
पिकअप येईपर्यंत मी क्रेट उतरवू लागलो.
जाताना त्यानं माझ्या खिशात काहीतरी कोंबलं.
माझा मोबाइल कधी बंद पडला, कुणास ठाऊक.

लक्षात आलं तेव्हा त्याचा फोन मागून घेतला
आणि ऋजुताचा नंबर आठवेना.
आठवला तो क्वार्टर्समधल्या जोसेफांचा,
भिंतीवरच्या फोनचा, सहा आकडी.
अंगठा तसाच अधांतरी.

उताराला ब्रेक कमी लावले.
डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्या उतारावर मोडलं.

घरी भिंतीला लावला तसा मोबाइल थरथरत सुटला.
सत्तावीस कॉल.
पुतण्या हेल्मेट घालून जिन्यात, निघालेला.
"ठिपका चाळीस मिनिटं हलला नाही, बाबा."
तिचा आवाज बसलेला.
"त्यानंतर ठिपकाच नाही."

"अंजीर खात होतो," म्हटलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
कुकरची एक शिट्टी.
मग, "गोड होती?"

खिशात हात घातला.
चार होती, दोन चेंगरलेली.
चेंगरलेल्यातलं एक तोंडात टाकलं,
आणि मग सांगितलं.